सात नंबरची पट्टी

वेगवेगळे लेप देऊन कच्च्या तेलात बुडवलेल्या बारा लोखंडी पट्ट्यांपैकी अकरा काळवंडून निघाल्या आणि सात नंबरची तेवढी लख्ख, तेव्हा प्रयोगशाळेत टाळ्या पडल्या. डॉ. मीनल सरपोतदारांनी तर चक्क शिट्टी वाजवली, आणि मॅडमची शिट्टी आजवर कोणी ऐकली नव्हती. त्यांची सहायक चारुलता तांडेल हिने तेवढी टाळी वाजवली नाही. तिने पट्टी चिमट्यात धरून खिडकीपाशी नेली, उजेडात तिरकी करून पाहिली. पट्टीच्या एका कोपऱ्याला पिवळसर झाक होती.

"काय गं, काय बघतेस एवढं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही, मॅडम," ती म्हणाली. तिचं हे 'काही नाही' पुढे चार दिवस टिकलं आणि त्या चार दिवसांत तिला अन्न गोड लागलं नाही.

सन २०४३चा नोव्हेंबर होता. वेळशेतच्या किनाऱ्यावरची ही छोटी प्रयोगशाळा एकाच दुखण्यामागे लागली होती. समुद्रातल्या विहिरींपासून वेळशेतपर्यंत सत्तर किलोमीटर लांबीची एक तेलवाहिनी समुद्राच्या तळावरून येत होती. विहिरी म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि म्हाताऱ्या विहिरींचं तेल जड असतं. वाहिनी आतून भरत चालली होती, अगदी माणसाच्या रक्तवाहिन्या भरतात तशी.

कच्चं तेल म्हणजे एकजिनसी काळा रस असं आपल्याला वाटतं, पण त्यात हलके, मध्यम, जड असे हजारो रेणू एकत्र नांदत असतात. त्यातली सगळ्यात जड आणि सगळ्यात आडमुठी जात अस्फाल्टीनची. रस्त्यावरच्या डांबराचा काळेपणा आणि चिवटपणा बराचसा हिच्यामुळेच. हे रेणू मधोमध पोळीसारखे चपटे असतात. तेलावर दाब आहे तोवर ते मुकाट वाहतात. दाब उतरला की बिथरतात आणि जवळची भिंत धरून बसतात. स्पंज पाणी पितो ते शोषण. इथे भिंत काही पीत नाही, रेणू नुसते तिच्या अंगाला चिकटतात. याला अधिशोषण म्हणतात. पहिला थर एका चौरस मीटरला जेमतेम तीन-चार मिलिग्रॅमचा, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पण एक पोळी बसली की तिच्यावर दुसरी बसते, दुसरीवर तिसरी, आणि वर्ष-दोन वर्षांत हातभर रुंद वाहिनीत मूठ जाण्यापुरती वाट उरते.

यावर उपाय म्हणून वाहिनीतून ब्रश लावलेला एक भला मोठा ठोकळा तेलाच्याच दाबाने ढकलतात. तो भिंती खरवडत येतो. कंपनीतले लोक त्याला 'पिग' म्हणतात आणि कोळीवाड्यातले लोक सरळ डुक्कर म्हणतात. गेल्या वर्षात हे डुक्कर दोनदा अडकलं होतं. दुसऱ्या वेळी वाहिनीच्या जोडातून तेल फुटलं आणि महिनाभर वेळशेतची जाळी काळी निघाली.

तेव्हा आता दोनच मार्ग होते. एक तर जुन्या वाहिनीला आतून असा लेप द्यायचा की ज्यावर अस्फाल्टीनला बूड टेकता येणार नाही. दोन पिगांच्या मध्ये लेपाचं द्रावण कोंडून ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं की समुद्रात न उतरता अख्खी वाहिनी आतून रंगवता येत होती. नाही तर नवी वाहिनी टाकायची. नवी वाहिनी येणार होती ती थेट वेळशेतच्या डोलींमधून. डोल म्हणजे समुद्रात खुंटांना बांधलेलं मोठं पिशवीजाळं. प्रत्येक घराची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. तिथे तीन वर्षं कोणालाही जाळं टाकता येणार नव्हतं. दीडशे घरं होती. त्यातलं एक घर हासुराम तांडेलचं, म्हणजे चारुलताच्या वडिलांचं.

आणि आता सात नंबरचा लेप पास झाला होता. पाइपलाइन विभागाचे प्रमुख देवस्थळी यांनी दुपारीच फोनवर सांगून टाकलं, "अहवाल पाठवा, नवी लाइन रद्द." ही बातमी चारुलताच्या आधी कोळीवाड्यात पोचली. ती संध्याकाळी घरी गेली तर ओटीवर कोणीकोणी आणलेल्या सरंग्यांची आणि पापलेटांची रास पडली होती, आणि हासुराम येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून सांगत होता, "माज्या पोरीनं केलंय! माज्या!"

तिला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं.

कारण त्या पिवळ्या डागाचं मूळ तिलाच ठाऊक होतं. मॅडमचा देवावर विश्वास नव्हता, पण खंडेनवमीच्या पेढ्यांवर होता. त्यामुळे दरवर्षी खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा व्हायची आणि ती चारुलताच करायची. यंदाही तिने पंपाला, भट्टीला, तराजूला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मग ट्रेमध्ये ओळीने मांडलेल्या, नुकताच लेप चढवलेल्या बारा पट्ट्या तिला दिसल्या. परीक्षेला बसणाऱ्या बारा पोरांपैकी एकाला तरी टिळा लावावा, अशा मायेने तिने कडेची एक पट्टी उचलली आणि हळदीचं बोट ओढलं. पूजा झाल्यावर ती स्पिरिटने पुसून परत जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पट्ट्या भट्टीत गेल्या. हातमोजे घातलेले होते, पट्टी पुसलेली होती, त्यामुळे नियम मोडल्याचं तिच्या मनातही आलं नाही.

पण हळदीचा रंग पाण्याला दाद देत नाही आणि स्पिरिटमध्ये झकास विरघळतो. म्हणजे तिने हळद पुसली नव्हती, तर अख्ख्या पट्टीभर पातळ सारवली होती. ती कडेची पट्टी सात नंबरची होती. मग स्वच्छ कोण राहिलं, लेप की हळद?

पाचव्या दिवशी रविवार होता. हासुराम किनाऱ्यावर होडीपाशी बसून दोर वळत होता. गावातल्या सगळ्या होड्या केव्हाच फायबरच्या झाल्या होत्या. याची एकट्याची लाकडाची उरली होती. तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकावर, पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत 'चारुलता' असं लिहिलेलं होतं. पोरगी जन्मली त्या वर्षी होडी बांधली, म्हणून दोघींचं एकच नाव.

चारुलताने त्याच्यासमोर वाळूत बसकण मारली आणि सगळं सांगून टाकलं.

हासुरामचे हात थांबले. "हे आनखी कोनाला म्हाईत हाय?"

"कोणाला नाय."

"मंग नकोच सांगू."

"बाबा, अरे तो लेप खोटा असेल तर? वर्षभरात वाहिनी परत भरेल. परत फुटेल."

"फुटंल तवा बघू. नवी लाइन आली तं तीन वर्सां डोली बंद. दीडशे घरां खातील काय? तुज्या पट्ट्या?" त्याचा आवाज चढला. "एक डाव गप ऱ्हायलीस तं तुजं काय जातंय?"

"मी गप राहिले आणि फुटली, तर ती मी फोडली असं होईल."

"आनी सांगितलंस तं गाव तू बुडवलास असा होईल!"

तो उठला आणि पाठ फिरवून चालू लागला. चारुलता तिथेच बसून राहिली. वडिलांचं चुकतंय असं तिला ठामपणे म्हणता येईना, हेच तिला जास्त लागलं. पण जोडातून फुटलेलं ते तेल तिने पाहिलं होतं, काळ्या जाळ्यातून बापाने एकेक मासा वेचून फेकताना पाहिलं होतं. सोमवारी सकाळी मॅडम पर्स ठेवतात न ठेवतात तोच ती समोर जाऊन उभी राहिली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुला कळतंय का, तुझी नोकरी जाऊ शकते?"

"हो, मॅडम."

"आणि माझी अब्रूही. मी शिट्टी वाजवली होती गं!" एवढं बोलून त्यांनी फोन उचलला आणि देवस्थळींना अहवाल मागे घेत असल्याचं कळवलं. पलीकडून बराच वेळ आरडाओरडा ऐकू येत होता. मॅडमनी फोन कानापासून वीतभर लांब धरला. तो थांबल्यावर शांतपणे म्हणाल्या, "चूक आमची आहे. ती आम्ही शोधून काढली, तुम्ही नाही. मला दोन महिने द्या." मिळाले सहा आठवडे.

त्याच संध्याकाळी वेळशेतमध्ये नवी वाहिनी येणार म्हणून पुन्हा बोंब झाली. दुसऱ्या दिवशी चारुलता किनाऱ्यावरून कामाला जाताना पाहते, तर होडीच्या नाळेवर डांबराचा जाडजूड पट्टा फिरवलेला. डांबर लावतात होडीच्या बुडाला, जिथवर पाणी लागतं तिथवर. नाळेवर कोणी लावत नाही. तिचं नाव त्याखाली गडप झालं होतं. हासुराम तिच्याशी बोलायचा बंद झाला.

प्रयोगशाळेत मात्र बोलायला फुरसत नव्हती. आधी सात नंबरचा लेप हळदीशिवाय तपासला. काळा! इतर अकरांइतकाच काळा. चारुलताने डोळे मिटून घेतले. मग मॅडमनी तोच लेप हळदीसकट तपासायला लावला. पट्टी लख्ख निघाली. हळद लावलेल्या आठ पट्ट्या केल्या, आठही लख्ख. तराजू चौरस मीटरला चार मिलिग्रॅमऐवजी काट्याच्या थरथरीएवढं वजन दाखवू लागला.

"अगं, लेपावर काही जागा मोकळ्या राहतात," मॅडम फळ्यावर चित्र काढत म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता राग औषधालाही उरला नव्हता. "अस्फाल्टीन नेमकं त्याच जागा धरतं. आणि हळदीतलं जे रंगद्रव्य आहे ना, कुरकुमीन, त्याचाही रेणू चपटा. तो त्या जागांवर आधी जाऊन बसतोय. भट्टीत तापला की लेपाशी त्याची गाठ पक्की होते. मग अस्फाल्टीन येतं, बघतं, जागा नाही, पुढे जातं!"

"म्हणजे जागेवर रुमाल टाकून ठेवायचा," चारुलता म्हणाली.

"अगदी!"

घोडं अडलं ते पुढे. पट्टीवर हळद फासणं सोपं होतं. समुद्राच्या तळाशी सत्तर किलोमीटर फासणार कोण? देवस्थळींच्या माणसांनी सुचवलं की हळदीचा अर्क तेलातच मिसळून सोडावा, जाता-जाता भिंतीला लागेल. प्रयोगशाळेच्या अंगणात पन्नास मीटर पाइपाचं वेटोळं होतं. त्यात लेप देऊन अर्क मिसळलेलं तेल फिरवलं. आठ दिवसांनी पाइप कापला तर आत काळा थर. अर्क दुप्पट केला. पुन्हा काळा. सहा आठवड्यांतले पाच गेले. कंपनीची बोट नव्या वाहिनीची मापं घ्यायला डोलींमध्ये हिंडू लागली आणि गावातल्या बायका चारुलताला पाहून रस्ता बदलू लागल्या.

सहाव्या आठवड्याच्या सोमवारी आईने तिच्या हातात डबा दिला. "बापाला दे जाता-जाता. बोलत नसला तरी जेवतो तो."

हासुराम होडी आडवी करून बुडाला डांबर लावायच्या तयारीत होता. शेजारी चुलाण पेटलेलं, वर डांबराचा डबा. पण ब्रश उचलण्याआधी तो मन लावून हाताला खोबरेल चोळत होता. बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडांना, मनगटापर्यंत. चारुलताने हे लहानपणापासून शंभर वेळा पाहिलं होतं. ती डबा ठेवून तिथेच उभी राहिली.

"लांब हो, कपऱ्यांना डाग लागंल," तो खाली मान घालूनच म्हणाला. महिन्याभरातलं पहिलं वाक्य.

"बाबा, तेल आधी का चोळतोस?"

"मंग कवा चोलू?" त्याने वैतागून वर पाहिलं. "डांबर एकदा हाताला धरला का मंग वरतून मनभर तेल वतलंस तरी फुकाट. हाताला आदी तेलाची वलख पायजे, मंग डांबर येईना का! एवरी शिकलीस नं येवरा कलत नाय?"

ती दोन क्षण त्याच्या चकाकणाऱ्या हातांकडे बघत राहिली. मग चप्पल हातात घेऊन वाळूतून धावत सुटली. हासुराम मागून ओरडला, "आगो, काय झाला?" पण ती तोवर रस्त्याला लागली होती.

"मॅडम, आपण दोघांना एकाच वेळी आत सोडतोय!" ती दारातूनच म्हणाली. तिला धाप लागली होती. "तेलात अस्फाल्टीन हजारांनी आणि हळद एक. शर्यतीत हळद हरणारच. हळदीला एकटीला आधी पाठवायला हवं. तेल बंद. लेप दिला की लगेच दोन पिगांच्या मधे हळदीचं स्पिरिट, त्याच्या मागून गरम नायट्रोजन, म्हणजे ती भाजून पक्की बसेल. आणि मग तेल!"

मॅडम खुर्चीतून उठल्या. "हे तुला कुठे सुचलं?"

"मला नाही, माझ्या वडिलांना. तीस वर्षांपूर्वीच."

वेटोळ्यातला तिसरा पाइप मुदतीच्या आदल्या दिवशी कापला. कापणाऱ्या करवतीचा आवाज थांबला आणि दोन अर्धी पन्हळं उघडी पडली. आतून पिवळीधमक. काळ्याचा ठिपकासुद्धा नव्हता. मॅडमनी दुसऱ्यांदा शिट्टी वाजवली आणि या वेळी चारुलतानेही वाजवली. देवस्थळी स्वतः आले, पन्हळावरून पांढरा रुमाल फिरवून पाहिला. रुमालावर वरवरची जादा हळद तेवढी आली, काळं काही नाही. शेवटी म्हणाले, "वाहिनीत एकदा करून बघू. चाळीस दिवस तेल वाहू दे. मग पिग सोडू. तो स्वच्छ आला तर नवी लाइन नाही, हा माझा शब्द. काळा आला, तर एप्रिलमध्ये खुंट उपटायला लागतील."

पुढचं काम फेब्रुवारीत झालं. आधी वाहिनी खरवडून आतून लेप दिला. सांगलीच्या हळदीचा अर्क टँकरने आला, बोटीवर चढला, वाहिनीत उतरला. त्यानंतरचे चाळीस दिवस चारुलताने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. हासुराम आता 'जेवलीस?' एवढं विचारू लागला होता. त्यापुढे गाडी जात नव्हती.

एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पिग येणार होता. वाहिनी जिथे जमिनीवर येते तिथे तारेच्या कुंपणाआड लोखंडी झाकणाचं मोठं तोंड होतं. एरवी पिग आला की ते उघडायचे आणि आधी काळा रेंदा बदाबदा बाहेर यायचा, दहा-वीस पिंपं भरायची, मग त्यातून डुक्कर ओढून काढायचं. आज सवयीप्रमाणे पिंपं मांडलेली होती. कुंपणाबाहेर अख्खा कोळीवाडा लोटला होता. बायका कडेवर पोरं घेऊन उभ्या होत्या.

पाइपात लांबून घरघर ऐकू आली. ती जवळ आली, धप्प असा आवाज झाला आणि थांबली. कामगारांनी दाब उतरवला, उरलेलं तेल काढून घेतलं, सहा बोल्ट फिरवले. चारुलताने मॅडमचा हात इतका घट्ट धरला होता की त्यांच्या बांगड्या रुतल्या.

झाकण उघडलं. कामगार सवयीने मागे सरकले, पण बाहेर काहीच पडलं नाही. एका कामगाराने वाकून आत पाहिलं, मग दुसऱ्याने. दोघांनी मिळून पिग ओढून काढला. ब्रशाचा केस न्‌ केस मोकळा होता. त्यावर पातळ तेलाची चमक होती, बस्स. सत्तर किलोमीटर खरवडून आलेलं डुक्कर अंघोळ करून आल्यासारखं उभं होतं.

तरी कोणाला धीर होईना. तेवढ्यात हासुराम तांडेल तारेचं फाटक ढकलून आत आला. देवस्थळी "अहो, आत यायचं नाही!" म्हणेपर्यंत त्याने खांद्यापर्यंत हात पाइपाच्या तोंडात घातला होता. आतली भिंत त्याने गच्च चोळली, गोल फिरवून चोळली, हात बाहेर काढला आणि पंजा उघडून गावाकडे धरला.

"डांबर नाय!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "बगा रं! हलद हाय, हलद!"

मग जो गलका उठला तो समुद्रावरच्या होड्यांनाही ऐकू गेला असेल. बायका फाटक लोटून आत आल्या. रिकाम्या पिंपांवर पोरांनी ताल धरला. ज्या बायकांनी रस्ता बदलला होता त्याच आता चारुलताला उचलायला धावल्या. देवस्थळींनी खिशातून नव्या वाहिनीचा नकाशा काढला, त्याची चौपदरी घडी घातली आणि मॅडमच्या हातात दिली. "ठेवा तुमच्याकडे, आठवण म्हणून." मॅडम म्हणाल्या, "यंदाच्या खंडेनवमीला या. पेढे असतात."

गर्दी जरा हटल्यावर हासुराम लेकीसमोर येऊन उभा राहिला. तो हात पुसायला फडकं शोधू लागला. चारुलताने तो हात धरला. पंजा पिवळा झाला होता, पण नखं मात्र काळीकुट्ट होती. पाचही नखांत घट्ट बसलेलं, जुनं, वाळलेलं डांबर होतं.

"हे काय रे? पाइपात तर काळं काहीच नव्हतं."

"हे पायपातला नाय." त्याने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. "होरीचा हाय. नालेवरचा खरवरला."

चारुलताने कुंपणाबाहेर, किनाऱ्याकडे पाहिलं. होडी वाळूत उभी होती. डांबराचा पट्टा गेला होता. खाली लाकूड ओरबाडलेलं दिसत होतं, पांढरा रंग जागोजाग उडाला होता, पण सगळी अक्षरं होती. चारुलता.

"कधी खरवडलंस?"

"सकालच्याला. उजारताना."

"पण बाबा, झाकण तर आत्ता उघडलं. सकाळी तुला काय माहीत होतं, पिग कसा येणार ते?"

"नवता म्हाईत," हासुराम म्हणाला, आणि पिवळा हात लेकीच्या डोक्यावर ठेवला.